बाई सरपंच झाली तर 'सरपंचीण' म्हणायचं का?

चोपड्याकडच्या एका ताईंनी विचारलंय की आमच्या गावात बाई सरपंच झाली, तर अभिनंदनाच्या बॅनरवर 'सरपंचीण' लिहू, 'महिला सरपंच' लिहू की नुसतं 'सरपंच'?

ताई, नुसतं सरपंच लिहा.

मराठीत हुद्द्याच्या शब्दाला 'ईण' लागलं की बहुतेक वेळा ती त्या माणसाची बायको होते. पाटलीण, देशमुखीण, सुभेदारीण, सगळ्या तशाच, पाटीलकी काय पाटलीणबाईंच्या नावावर नसायची. मास्तरीण आणि मालकीण यांत दोन्ही अर्थ चालतात, म्हणून 'ईण' वाईटच असं मी म्हणणार नाही, पण सरपंचीण ऐकलं की लगेच 'मग सरपंच कोण?' हा प्रश्न येतो आणि नेमका तोच यायला नको, कारण १९९२ च्या ७३व्या घटनादुरुस्तीने पंचायतींतल्या एक तृतीयांश आणि पुढे २०११ मध्ये महाराष्ट्राने निम्म्या जागा बायकांसाठी राखल्या त्या कोणाची तरी बायको म्हणून नाही राखल्या.

आधी तसंच होतं ना. इंग्रजांच्या १९३५ च्या कायद्यात बाईला मत मिळायचा एक रस्ता म्हणजे नवऱ्याची मालमत्ता. राज्यघटनेने ती अट काढली, सगळ्या प्रौढांना मत दिलं, तरी १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत देशात साधारण २८ लाख बायकांची नावं यादीतून गेली, जास्त करून उत्तरेकडच्या राज्यांत, कारण त्यांची नोंद 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' अशी होती आणि स्वतःचं नाव सांगितलंच नव्हतं. हे वाचलं की मला अजून त्रास होतो.

राहिलं 'महिला सरपंच'. पुरुष सरपंच असं कोणी लिहितं का? आणि बाई आहे हे क्रियापद सांगतंच की, 'सरपंच आल्या', 'आमच्या सरपंच म्हणाल्या', अहिराणीत तर 'आमना गावनी सरपंच उनी' म्हटलं की विषय संपला.

२००७ मध्ये आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या तेव्हा 'पती' शब्दावरून केवढा वाद झालेला, पण तिथे पती म्हणजे नवरा नाही, स्वामी, प्रमुख, जसं सभापती, सेनापती. तोच शब्द टिकला आणि २०२२ मध्ये द्रौपदी मुर्मूंनाही तोच लागला. खासदारचंही तसंच, २०२४ ला रावेर, जळगाव, धुळे तिन्ही ठिकाणी बायका निवडून आल्या, रक्षा खडसे, स्मिता वाघ, शोभा बच्छाव, 'खासदारीण' कोणी म्हटलं नाही.

अध्यक्षा, सदस्या, नगरसेविका हे मात्र खुशाल वापरा, त्यात पद तिचंच असतं.

आणि बॅनरवर सरपंचच्या वर तिचं पूर्ण नाव मोठ्या अक्षरात घ्या, नवऱ्याचं नाव लिहायचं तर शुभेच्छुकांत.