ट्रॅव्हल ट्रेलरला वेट डिस्ट्रिब्यूशन हिच कुठला घ्यावा?

वेट डिस्ट्रिब्यूशन हिच म्हणजे ट्रेलरचा भार गाडीच्या पुढच्या चाकांवरही वाटणारा जोड. तुमच्या भावाचा अमेरिकेतला ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागं ओढायचं फिरतं घर) भरल्यावर २,७०० किलोचा, म्हणजे हिचवर साधारण १० ते १५ टक्के, २७० ते ४०५ किलो भार येणार. पण अंदाजावर जाऊ नका. पाणी, गॅस, सामान भरूनच हिचवर येणारा भार मोजायला सांगा. त्यात गाडीच्या डिकीतलं ओझं मिळवा आणि त्या आकड्याला बसणारे स्प्रिंग बार, म्हणजे हिचमधल्या भार पुढं ढकलणाऱ्या लवचिक दांड्या, घ्या. उगाच जड बार घेतले तर गाडी दणके देते.

आपल्याकडं शिरोळला उसाची दुचाकी ट्रॉली पुढं जास्त भरली की ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी होतात, स्टेअरिंग लागत नाही. तसंच हे. ट्रेलर जोडण्याआधी आणि नंतर गाडीच्या पुढच्या मडगार्डची जमिनीपासून उंची टेपनं मोजा. बार ताणल्यावर ती जवळपास पूर्ववत यायला हवी.