तेहतीस विरुद्ध एक

नागपूर

प्रिय बेटा,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. भारताच्या फुटबॉल फेडरेशनचा पुढचा अध्यक्ष माजी खेळाडूच हवा, नेत्यांना हाकलून लावा, असं तुझं म्हणणं. प्रॅक्टिसवरून आल्या आल्या, पायातले स्टड न काढता लिहिलेलं दिसतंय. राग खरा आहे, पण त्यातली मुख्य गोष्टच मला पटली नाही, म्हणून मोबाइलवर दोन ओळींत न उरकता सावकाश लिहितोय.

अगं, खेळाडूच तर बसलाय तिथे. कल्याण चौबे हे ईस्ट बंगाल आणि मोहन बागानचे गोलकीपर. २ सप्टेंबर २०२२ ला ते निवडून आले तेव्हा फेडरेशनच्या ८५ वर्षांत अध्यक्ष झालेला पहिला खेळाडू म्हणून बातम्या आल्या होत्या. ते भाजपचे, लोकसभेची निवडणूकही लढलेले. म्हणजे खेळाडू आणि नेता अशा दोन रांगा तू लावल्यास खऱ्या, पण हा माणूस दोन्हीत उभा आहे. आणि समोर कोण होता? बायचुंग भुतिया. भारताचा माजी कर्णधार, देशात पोराटोरांना ठाऊक असलेलं नाव. निकाल काय लागला, ३३ विरुद्ध १. भुतियाच्या अर्जावर सूचक एका राज्याचा होता, अनुमोदक दुसऱ्या राज्याचा. पेटीतून मत मात्र एकच निघालं.

हा आकडा मी विसरू शकत नाही. नोकरी ऑडिटमध्ये गेली, त्यामुळे माझी नजर आधी आकड्याकडे जाते, हे तू हसून म्हणशीलच. पण त्या दिवशी मतदान तू केलं नाहीस, मी केलं नाही, कामठीच्या गल्लीत रात्री बल्बखाली खेळणाऱ्या पोरांनीही केलं नाही. मत होतं राज्य संघटनांना. राज्य संघटनेचे पदाधिकारी ठरवतात जिल्हे, आणि जिल्ह्याचे ठरवतात क्लब. दिल्लीतल्या खुर्चीचा पाया असा आपल्याच गल्लीपर्यंत येतो, आणि तिथे कोणी फिरकत नाही.

एका जिल्ह्याच्या वार्षिक सभेत (नाव-गाव विचारू नकोस) मी पाहुणा म्हणून बसलो होतो. हजेरीचं रजिस्टर फिरत फिरत माझ्याकडे आलं. ओळीने सात क्लबांच्या सह्या, सातही हिरव्या शाईत, आणि प्रत्येकीखाली तीच शेपटीवाली रेघ. त्यातल्या तीन क्लबांची नावं लीगच्या वेळापत्रकात मी कधी पाहिली नव्हती. कागदी क्लब. संलग्नता फी भरायची, मत राखायचं, टीम उतरवायची नाही. अहवाल वाचून झाला, ताळेबंदावर कोणी काही विचारायच्या आत ‘मंजूर, मंजूर’ झालं, आणि मंडळी कचोरीकडे वळली. आता सांग, असल्या सभांतून चढत चढत जी मतं वर जातात, त्यांना भुतियाने हैदराबादला किंवा कोलकात्याला किती गोल मारले याच्याशी काय देणंघेणं?

तू लिहिलंस की मग कोर्टाने एखादा स्वच्छ माणूस बसवावा. तेही करून झालंय. आपल्या गोंदियाचे प्रफुल्ल पटेल २००९ पासून अध्यक्ष होते. २०१७ चा १७ वर्षांखालील मुलांचा वर्ल्ड कप भारतात झाला तो त्यांच्याच काळात, हेही नोंदवायला हवं. पण मुदत २०२० च्या डिसेंबरात संपली आणि निवडणूक काही होईना. शेवटी १८ मे २०२२ ला सुप्रीम कोर्टाने तिघांची प्रशासक समिती नेमली. त्या समितीने ३६ माजी खेळाडूंनाही मतदार करायचं ठरवलं. जगभरच्या फुटबॉलचा कारभार पाहणाऱ्या फिफाला ते मान्य नव्हतं. बाहेरच्यांचा हस्तक्षेप होतोय म्हणत १५ ऑगस्टच्या रात्री फिफाने भारताला निलंबित केलं. गोकुलम केरळच्या मुली त्याच वेळी आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचल्या होत्या. तुझ्याच वयाच्या पोरी. त्या तशाच परत आल्या, एक मॅच न खेळता. समिती गेली, २६ ऑगस्टला बंदी उठली, आणि ऑक्टोबरातला मुलींचा वर्ल्ड कप कसाबसा वाचला. फिफाच्या चौकटीत राहायचं तर अध्यक्ष वरून टाकता येत नाही, तो मतातूनच यावा लागतो. मला फिफाचं फार कौतुक आहे असं समजू नकोस. २०१५ साली भ्रष्टाचाराच्या आरोपांवरून झुरिकच्या हॉटेलातून पोलिसांनी फिफाच्या कोणाकोणाला उचललं ते सगळ्या जगाने पाहिलंय.

मग माणूस कसा हवा? खेळलेला असला तर उत्तम, एवढंच मी म्हणेन. आपल्या नागपूरचे शशांक मनोहर पेशाने वकील. ते दोनदा बीसीसीआयचे अध्यक्ष झाले, आणि २०१६ साली आयसीसीचे स्वतंत्र अध्यक्ष होण्यासाठी ती खुर्ची स्वतःहून सोडली. त्यांचे सगळे निर्णय मला पटले असं नाही, पण कागद वाचणारा माणूस काय करू शकतो ते क्रिकेटवाल्यांनी पाहिलं. उलट अमेरिकेतलं बघ. २०१८ चा वर्ल्ड कप हुकल्यावर तिथल्या फुटबॉल फेडरेशनच्या अध्यक्षपदासाठी आठ जण उभे राहिले, त्यात चार माजी राष्ट्रीय खेळाडू. जिंकले कार्लोस कॉर्डेरो, जन्म मुंबईचा, आधी मोठ्या बँकेत होते. दोन वर्षांनी महिला संघाच्या समान वेतनाच्या खटल्यात फेडरेशनच्या वकिलांनी लिहून दिलं की पुरुषांच्या टीमचं काम जास्त कौशल्याचं आहे. गदारोळ झाला. आपण तो कागद नीट तपासला नव्हता, असं सांगून कॉर्डेरोंनी मार्च २०२० मध्ये राजीनामा दिला. जागी आल्या सिंडी पार्लो कोन, १९९९ चा वर्ल्ड कप जिंकलेल्या खेळाडू. २०२२ मध्ये समान वेतनाचा करार झाला. कोनबाईंना तो कागद आधी दिसला असता तर पहिल्याच ओळीवर अडकल्या असत्या, असं मला वाटतं. खेळलेलं असण्याचा फायदा तो इथे.

मला सगळ्यात आवडतो तो जपानचा साबुरो कावाबुची. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये अर्जेंटिनाविरुद्ध गोल मारला, पण त्यानंतर वर्षानुवर्षं फुरुकावा इलेक्ट्रिकमध्ये साधी कंपनीची नोकरी केली. मग जपानची व्यावसायिक लीग उभी केली, क्लबांनी कंपनीचं नाव टाकून गावाचं नाव लावावं म्हणून बड्या मालकांशी भांडला, आणि २००२ साली फेडरेशनचा अध्यक्ष झाला. नॉर्वेची लिसे क्लाव्हेनेसही तशीच: राष्ट्रीय संघात खेळली, कायदा शिकली, फेडरेशनच्या ऑफिसात काम केलं, २०२२ मध्ये अध्यक्ष. त्याच महिन्यात दोह्याला फिफाच्या सभेत उभी राहून कामगारांच्या हक्कांबद्दल वर्ल्ड कपच्या यजमानांच्या, म्हणजे कतारच्या, तोंडावर बोलली. आपल्याकडे मात्र बूट काढला की थेट खुर्ची, मधली वीस वर्षं कोणालाच नको असतात.

आणि मधलं काम कंटाळवाणंच असतं. करार वाचायचे असतात. २०१० साली आपल्या फेडरेशनने व्यावसायिक हक्क (प्रक्षेपण, प्रायोजक वगैरे) १५ वर्षांसाठी ७०० कोटींना दिले. तो करार कधी संपणार हे पहिल्या दिवसापासून कागदावर लिहिलेलं होतं: डिसेंबर २०२५. तरी २०२५-२६ चा आयएसएलचा, म्हणजे देशातल्या सगळ्यात वरच्या लीगचा, हंगाम वेळेवर सुरू होऊ शकला नाही, क्लबांनी सराव थांबवले. इथे चौबेंच्या जागी भुतिया असते तर चित्र वेगळं असतं का? असेलही. पण वर्षभर आधी टेबलावर बसून नव्या कराराचा मसुदा करणारा माणूस हवा होता, आणि ते काम डाव्या पायाच्या किकने होत नाही.

आता तुझ्या कामाचं सांगतो. सप्टेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने मंजूर केलेल्या फेडरेशनच्या नव्या घटनेत सर्वसाधारण सभेत १५ माजी नामवंत खेळाडूंना जागा आहे, त्यात किमान पाच महिला. महिलांसाठी दोन आंतरराष्ट्रीय सामन्यांची अट आहे. तू भारताकडून खेळशील की नाही, ते तुझ्या पायांवर आणि निवड समितीवर. पण त्या दारासाठी थांबू नकोस. तुझ्या क्लबचा जिल्हा सभेतला प्रतिनिधी कोण, हे तुला माहीत आहे का? मी क्लबच्या दोघा-तिघांना विचारलं, त्यांनाही नव्हतं. वार्षिक सभेची नोटीस कधी लागते, कुठे लागते, मतदार यादी कोणाकडे असते, हे विचार. पुढच्या वर्षी प्रतिनिधी म्हणून स्वतःचं नाव दे. हसतील. ‘मुलगी काय बोलणार सभेत’ म्हणतील. बोलू नकोसच पहिल्या खेपेला, फक्त गेल्या सभेचं इतिवृत्त माग आणि ताळेबंदाची प्रत माग. रेफरींचं मानधन किती दाखवलंय आणि प्रत्यक्ष हातात किती पडलं, एवढी एकच नोंद ताडून बघ. रेफरी तुझ्या ओळखीचे आहेत, खरं सांगतील. मुलींच्या लीगवर खर्च दाखवलाय का, तेही बघ. तू गेल्या हंगामात मॅच खेळलीस किती, हे तुला पक्कं ठाऊक आहेच.

विजय बारसे सरांचं नाव तू घेतलंस ते बरं केलंस. झोपडपट्टीतल्या पोरांना घेऊन त्यांनी २००१ पासून जे उभं केलं त्यासाठी त्यांना फेडरेशनची खुर्ची लागली नाही. पण अशा माणसाला सभागृहात मत असावं, यासाठी मात्र कोणीतरी सभागृहात असावं लागतं.

इतिवृत्त मिळालं की दोन्ही बाजूंचे फोटो काढून पाठव, पाठीमागच्या सह्यांसकट. रविवारी सकाळी मी घरीच आहे. ताळेबंद वाचायला शिकायला दोन तास पुरतात, पेन्सिल आण.

तुझे,
सर