द्रव धातूच्या अँटेनाची फ्रीक्वेन्सी कशी बदलतात? पारा वापरला तर चालेल का?

नळीतल्या धातूच्या धारेची लांबी कमी-जास्त करून. आणि पारा नकोच, गॅलियम-इंडियम घ्या. मोनोपोल (एकाच दांड्याचा) अँटेना साधारण पाव तरंगलांबीचा असतो: १ गिगाहर्ट्झला साडेसात सेंटिमीटर, २.४ ला तीनच्या जरा वर. धातू पुढे सरकला की फ्रीक्वेन्सी उतरते, मागे आला की चढते. ७५ टक्के गॅलियम आणि २५ टक्के इंडियमचं मिश्रण १५-१६ अंश सेल्सिअसलाच वितळतं, पाऱ्यासारखी विषारी वाफ सोडत नाही आणि वीजही त्याच्यापेक्षा चांगली वाहून नेतं. पंप लागतोच असं नाही. नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी २०१५ मध्ये नुसत्या छोट्या व्होल्टेजने पृष्ठताण बदलून धातू केशनळीत पुढे-मागे सरकवला आणि ०.६६ ते ३.४ गिगाहर्ट्झची रेंज मिळवली.

खरी डोकेदुखी ऑक्साइडची. हवा लागताच धातूवर काही नॅनोमीटरची साय धरते, ती काचेला चिकटते आणि धातू मागे घेताना डाग राहतात. म्हणून ती साय विरघळवायला नळीत सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण भरतात, पण ते थोडी रेडिओ ऊर्जा खातं. आणि हो, अ‍ॅल्युमिनियमचा कनेक्टर अजिबात लावू नका. गॅलियम त्यात मुरतं आणि तो बिस्किटासारखा तुटतो.