मांजरीचे मागचे दोन्ही पाय रात्रीतून लुळे पडले, घरी काय करता येईल?

भाऊ, घरगुती उपाय राहू द्या, पहिले तिचे पंजे हातात घेऊन पाहा. मागचे पंजे थंडगार, तळवे फिक्के-निळसर अन् मांजर कळवळून ओरडत असंल तर बहुतेक हृदयातून सुटलेली रक्ताची गाठ अडकली, मालिश-शेक करत बसू नका, लगेच निघा. पंजे गरम असले तर कमरेला मार असू शकतो, आमची मनी पऱ्हाटीच्या गंजीवरून पडली तवा तसंच झालतं, खोक्यात पाट टाकून सपाट नेली. माणसाची पॅरासिटामॉल अजिबात नाही, मांजरीला ते विषच. तालुक्याले एक्स-रे नसला तर नागपूर नाहीतर अकोल्याचं व्हेटरनरी कॉलेज गाठा. अन् लघवी कधी झाली ते डॉक्टरले सांगा, तुंबली तर तेही जिवावर बेततं.