आधी तिला वाचून दाखव

प्रिय मैत्रिणीस,

तुझे पत्र आणि सोबतची पुस्तिकेची प्रुफे मिळाली. मजकूर चांगला उतरला आहे हे तुलाही माहीत आहे, त्यामुळे त्याच्या कौतुकात आपला दोघींचा वेळ घालवत नाही. तुझी अडचण अशी की, ज्या बाईच्या निवेदनावर सगळी पुस्तिका उभी आहे तिने ऐनवेळी 'माझे छापू नका' असा निरोप पाठवला आहे. दसरा तोंडावर आला आहे, टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून तिची उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, अजून यायची आहे, आणि गटातले बाकीचे म्हणतात की प्रश्न एकट्या तिचा नसून ऊसतोडीला जाणाऱ्या हजारो बायकांचा आहे, म्हणून नाव बदलून छापून टाकू. दोन्ही बाजू तुला पटतात, असे तू लिहितेस. मला एकच पटते.

तुझ्या एवढ्या लांबलचक पत्रात एका गोष्टीचा उल्लेख नाही. तू लिहिलेले तिला कोणी वाचून दाखवले का? ध्वनिमुद्रणाच्या वेळी संमतीपत्रावर तिची सही घेतली होती, असे तू बजावून सांगतेस. अगं, सही मुकादमही घेतो. उचल देताना तो कागद पुढे करतो, नवरा सही करतो, बायको अंगठा उठवते, आणि त्या कागदावर काय होते हे दोघांना कळते तेव्हा हंगाम अर्धा सरलेला असतो. आपला कागद त्याच्या कागदाहून वेगळा ठरतो तो एकाच कारणाने: आपण काय लिहिले आहे ते आपण वाचून दाखवतो आणि ऐकणारीने 'नको' म्हटले तर थांबतो. तेवढे केले नाही, तर तिच्या बाजूने पाहता दोन्ही कागद सारखेच.

नाव बदलण्याची युक्ती मला सांगू नकोस, ती आम्हीही वापरून पाहिली आहे. एका टोळीत दहा-पंधरा कोयते असतात, म्हणजे तेवढीच जोडपी, आणि बहुतेक एकमेकांची सोयरी. गावाचा तालुका, लग्नाच्या वेळचे वय, मुलांची संख्या आणि गर्भपिशवी काढली ते साल एवढे छापले की नाव कोणतेही टाका, मुकादम पहिल्या पानावरच ओळखतो. आमच्या काळी निदान आमच्या मासिकाचा अंक त्याच्या हाती पडायला महिना लागे. आता तुमची पुस्तिका ज्या संध्याकाळी फोनवरून फिरू लागेल त्याच रात्री ती त्याच्याकडे पोचलेली असेल, आणि जिची गोष्ट आहे तिला मात्र ती दुसऱ्याच्या तोंडून, तीही टोमण्याच्या रूपाने कळेल. तिची उचल अडली तर आपल्यापैकी कोणाच्या घरची चूल थंडावणार आहे?

वाचून दाखवणे म्हणजे केवळ परवानगी मागणे, असा तुझ्या गटाचा समज दिसतो. म्हणून एक प्रसंग सविस्तर लिहिते. कोल्हापूरकडच्या एका साखर कारखान्याच्या गाडीतळावर, म्हणजे टोळ्या उतरतात त्या जागी, आम्ही एका बाईचे निवेदन घेतले होते. मी ते बरेच मन लावून लिहिले होते. त्यात पहाटेचा अंधार होता, थंडी होती, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारी गरोदर बाई होती आणि शेवटी तिचे रडणे होते. संध्याकाळी आपल्या कोपीसमोर, म्हणजे झोपडीसमोर, ती दुसऱ्या दिवसाच्या भाकरी थापत असताना मी ते वाचू लागले. मधेच भराईला गाडी आली, ती उठून गेली आणि वाचन दुसऱ्या दिवसावर गेले. दुसऱ्या दिवशी सगळे ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "रडल्याचं काढा. हिशेब कुठं हाय?" मग तिने हिशेब सांगितला: उचल किती घेतली, आजारपणामुळे किती खाडे पडले, एका खाड्याला मुकादमाने किती कापले, बैलाच्या औषधाला काय गेले, उसाचे वाढे विकून मीठ-मिरची कशी भागवली आणि हंगाम संपून पट्टा पडला तेव्हा अंगावर किती कर्ज फिरले. शेजारच्या कोप्यांतल्या बाया जमल्या, एकीने दुसरीचे आकडे दुरुस्त केले आणि माझा मजकूर पार मोडून पडला. जे उभे राहिले ते माझ्या लेखापेक्षा कितीतरी जड होते, कारण रडण्याला उत्तर द्यायला कारखाना बांधील नसतो, पण खाड्याच्या आकड्याला त्याला काही तरी उत्तर द्यावेच लागते. हे मला टेबलाशी बसून सुचले नसते. म्हणून पुन्हा सांगते, आधी वाचून दाखव.

ही पद्धत माझी नाही, जुनीच आहे. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेले 'दीनबंधु' हे वृत्तपत्र पैशांअभावी अडचणीत आल्यावर कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८० मध्ये ते मुंबईत नेऊन चालवले. त्यांच्या अवतीभवती गिरणीत राबणारा माणूस बहुतेक कोकणातून किंवा घाटावरून आलेला, म्हणजे आजच्या भाषेत स्थलांतरितच. हाती वृत्तपत्र असताना लोखंडे केवळ अग्रलेख लिहून थांबले नाहीत. १८८४ च्या सप्टेंबरात परळला कामगारांची सभा भरवून त्यांनी मागण्या सभेपुढे ठेवल्या, आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांनिशी त्या सरकारने नेमलेल्या फॅक्टरी कमिशनकडे गेल्या. १८९० च्या एप्रिलात महालक्ष्मीला दहा हजारांची सभा झाली, तीत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या, आणि त्याच जूनमध्ये गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. ज्यांच्यासाठी छापायचे त्यांनी आधी ऐकलेले असायचे, हा त्यातला क्रम तू लक्षात घे. आपल्याकडे हल्ली आधी प्रकाशन समारंभ होतो, त्यात शहरातले पाहुणे हळहळतात, आणि उरलेल्या प्रतींचे गठ्ठे कुणाच्या तरी पलंगाखाली जातात.

तुझा एक मुद्दा मात्र खरा आहे आणि तो मी टाळत नाही. गप्प बसण्याचीही किंमत असते. बीड जिल्ह्यातल्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जात असल्याची बातमी २०१९ मध्ये फुटली नसती, तर आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली नसती, आणि ऐंशी हजारांहून अधिक ऊसतोड महिलांच्या पाहणीत तेरा हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली, हे सरकारी कागदावर कधी आले नसते. बोलल्या त्या बायकांमुळेच हे झाले. पण त्या आपणहून बोलल्या, त्यांच्याकडून वदवून घेतले गेले नाही, निदान जिथे काम नीट झाले तिथे तरी. आणि त्या आकड्यांनंतरही खाडा बंद झालेला नाही. पाळी आली, ताप आला, पोर आजारी पडले तरी दिवस कापला जातोच, म्हणून तर बाई एकदाचे ते दुखणेच काढून टाकायला तयार होते. दराच्या वाटाघाटीत तिची खुर्चीच नसते. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली तीही साखर कारखान्यांचा संघ, संघटनांचे पुढारी आणि लवाद यांच्या बैठकीत. १९७९ चा स्थलांतरित कामगारांचा कायदा केला तो राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांसाठी, त्यामुळे बेळगावकडे तोडीला गेलेली जोडी निदान कागदावर त्यात बसली आणि त्याच गावातून सांगलीला गेलेली बसली नाही. जिला कायद्याने, कारखान्याने आणि संघटनेने न विचारता गृहीत धरले आहे, तिला आपणही न विचारताच गृहीत धरायचे का? दुसऱ्यांनी केले तर शोषण आणि आपण केले तर चळवळ, हे मला आजवर समजलेले नाही.

८ मे २०२० ला औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यातल्या करमाडजवळ मालगाडीखाली सोळा मजूर गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यातून घरी मध्य प्रदेशात निघालेली ती माणसे रुळांवर झोपली होती, आणि रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या पोळ्यांचे छायाचित्र देशभर छापले गेले. आपल्या ओळखीतल्या कितीतरी जणांनी त्यावर कविता केल्या. मी तेव्हा एका तरुण संपादकाला विचारले की, त्यांच्या घरच्यांना कळेल अशा हिंदीत तू नुकसानभरपाईच्या अर्जाचा एक तरी कागद छापलास का? तो माझ्याशी आजही बोलत नाही. न बोलो.

आता तू म्हणशील, ताई, या हट्टाने तुमचा अंक बंद पडला. तो बंद पडला हे खरे आहे. या हट्टानेच पडला हे मला मान्य नाही. कागद महागला होता, वर्गणीदार पांगले होते, आणि ज्यांना दर महिन्याला खळबळ हवी होती ते दुसरीकडे गेले. होय, एक अंक मी संपूर्ण हंगाम अडवून धरला, कारण त्यातल्या बायका कर्नाटकात तोडीला होत्या आणि त्या परतेपर्यंत त्यांना वाचून दाखवणे शक्य नव्हते. माझ्या जवळच्या सहकाऱ्याने भर बैठकीत मला भित्री म्हटले आणि पुढे आमचे बोलणे तुटले, त्याचे मला वाईट वाटते, आजही वाटते. अंक अडवल्याचे वाटत नाही. अंकावर मुद्रक आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता छापायचा आपल्याकडे रिवाज आहे तो उगाच नाही. कोर्टात खेचले तर जायचे आपण, दम द्यायला कोणी आले तर यायचे आपल्या दाराशी. मी माझा पत्ता कायम ठळक छापला. धोका पत्करायला मी कधी मागे सरले नाही. दुसरीच्या अंगावरचा धोका पत्करायला मात्र सरले, आणि त्याला भित्रेपणा म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे. माझ्या कपाटात एका बाईची वही आहे. सगळे लिहून झाल्यावर तिचा पत्ताच लागला नाही, गाव सोडून ती कुठे गेली ते शेजाऱ्यांनाही सांगता आले नाही. तिच्याइतके नेमके बोलणारी मला पुन्हा भेटली नाही. ती वही छापली असती तर कदाचित चार ठिकाणी चर्चा झाली असती. मी छापलेली नाही आणि छापणार नाही. याची हळहळ कधी कधी झोप उडवते, पण निर्णय बदलावा असे वाटत नाही.

तेव्हा कामाचे बोलू. छापखान्याला सांगून तिची पाने थांबव. बाकीच्या पानांची छपाई चालू राहू दे, मात्र त्यांतलीही प्रत्येक बाई ऐकून 'हो' म्हणाली आहे का ते आधी तपास, नाहीतर तीही थांबव. उचलीचे पैसे तिच्या हातात पडायच्या आत तिच्या गावी जाऊ नकोस, कारण तुझी गाडी वस्तीवर दिसली तरी चर्चा होते. पैसे मिळाल्यावर आणि टोळी निघायच्या आधी जे चार-दोन दिवस असतात त्यांत जा. आवाजाच्या फितीवर विसंबू नकोस, समोर बस. ती काढायला सांगेल ते तिच्यासमोर खोड, म्हणजे तिला रेघ दिसेल. तिचा नकार कायम राहिला तर फक्त खाड्याचा आणि उचलीचा हिशेब, गाव-ठिकाण काढून, सगळ्यांच्या एकत्र तक्त्यात घालू का, एवढे विचार. त्यालाही ती नको म्हणाली तर चहा पिऊन परत ये. आणि तिची धाकटी मुलगी शाळेत हुशार आहे, तीच आईला वाचून दाखवेल, असे तू एका ओळीत सुचवले आहेस, ते अजिबात करू नकोस. पिशवी का आणि कशी काढली हे पोरीच्या तोंडून आईला ऐकायला लावायचे नाही. मुलीला बाहेर पाठव आणि तू स्वतः वाच.

तुझी,
ताई