बुटाला अडकणाऱ्या पेडलने दम वाचतो का?

प्रश्न : मी आठवड्यातून तीनदा सायकलने पुण्याहून सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन येतो. सपाट पेडल काढून बुटाला अडकणारे पेडल बसवले, तर पाय वर घेतानाही सायकलला जोर मिळतो आणि दम वाचतो, असे दुकानदार म्हणतात. बुटांसह हा खर्च मोठा आहे. तो करावा का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : केवळ दम वाचावा म्हणून करू नये. एकसारख्या वेगाने जाताना या दोन प्रकारच्या पेडलांमुळे शरीराच्या ऊर्जाखर्चात म्हणण्याजोगा फरक पडत नाही. स्नायू जी ऊर्जा खर्च करतात, तिच्यापैकी साधारण २० ते २५ टक्केच पेडलपर्यंत पोहोचते. उरलेली उष्णतेच्या रूपाने जाते, आणि ही घट स्नायूंमध्येच होत असल्यामुळे पेडल बदलून ती भरून निघत नाही.

वर येणाऱ्या पायाचे वजन पेडलवर राहते, हे दुकानदारांचे गृहीतक खरे आहे. परंतु खाली जाणाऱ्या पायाच्या वजनाने ते बहुतांशी तोलले जाते, हे सांगायचे राहून जाते. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सरावलेल्या सायकलस्वारांना 200 वॅटवर, मिनिटाला 90 फेऱ्यांच्या गतीने, पेडल मुद्दाम वर ओढायला सांगितले होते. जोराची वाटणी अधिक सुबक झाली, पण त्याच कामासाठी शरीराला ऊर्जा मात्र जास्त लागली. मांडी उचलणारे स्नायू मांडीच्या पुढच्या आणि नितंबाच्या स्नायूंइतके ताकदीचे नसतात.

मग शर्यतीतले सायकलस्वार हे पेडल का वापरतात? ऐन वेगात किंवा उभे राहून जोर काढताना, तसेच खडबडीत रस्त्यावर पाय निसटत नाही, म्हणून. फ्रेंच सायकलपटू बेर्नार इनो यांनी 1985 ची टूर द फ्रान्स ही शर्यत लूक कंपनीच्या अशाच पेडलांवर जिंकली, आणि त्यानंतर चामडी पट्ट्यांचे जुने पिंजरे मागे पडले. त्या पिंजऱ्यांना ‘टो क्लिप’ म्हणत, म्हणून बूट घट्ट पकडणाऱ्या या पेडलांचे नाव ‘क्लिपलेस’ (क्लिप नसलेले) पडले, ही गंमतच.

आपल्या फेरीसाठी खिळ्यांसारखे उठाव असलेली रुंद सपाट पेडले आणि कडक तळव्याचे बूट पुरेसे आहेत. चवडा पेडलच्या आसावर येऊ द्यावा. तरीही अडकणारी पेडले घ्यायचीच असतील, तर पहिले काही दिवस बूट पकडणारी पेडलमधली स्प्रिंग ढिली ठेवून मोकळ्या मैदानात पाय सोडवण्याचा सराव करावा, कारण नवखे स्वार पडतात ते बहुधा सिग्नलला थांबताना.