पाचव्या चढाईला कोण जाणार? कबड्डीप्रेमींचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : प्रो कबड्डीच्या बाराव्या हंगामात पुणेरी पलटण साखळीत अव्वल होती. बाद फेरीतल्या पहिल्या पात्रता सामन्यात दबंग दिल्लीशी ३४-३४ अशी बरोबरी झाली आणि पाच-पाच चढायांत पलटण ४-६ अशी हरली. चाळीस मिनिटांची मेहनत पाच चढायांत वाहून जावी, हा अन्याय नाही का?
– एक पलटणप्रेमी, चिंचवड

उत्तर : हळहळ रास्तच आहे. साखळीत दोन्ही संघांचे १३-१३ विजय आणि २६-२६ गुण होते. त्या पराभवानंतर दुसरा पात्रता सामना जिंकून पलटण अंतिम फेरीत पोहोचली, पण ३१ ऑक्टोबर २०२५च्या अंतिम सामन्यातही दिल्लीने पलटणला ३१-२८ असे तीनच गुणांनी हरवले. तरीही आम्ही याला अन्याय म्हणणार नाही. पाच चढायांचा डाव हा वेगळा खेळ आहे आणि त्याची तयारीही वेगळीच करावी लागते.

या डावात सातही गडी शेवटपर्यंत मॅटवर असतात, कुणी बाद होऊन बाहेर बसत नाही. निदान रेषा (चढाईत ओलांडावीच लागते ती) हीच बोनस रेषा (ओलांडल्यास जादा गुण देणारी) धरतात. एरवी पुरुषांच्या मैदानात निदान रेषा मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर आणि बोनस रेषा तिच्यामागे आणखी १ मीटरवर असते. म्हणजे बोनस मीटरभर अलीकडे येतो आणि चपळ चढाईपटूला एक गुण जवळजवळ हक्काचा होतो. मग निकाल लावते ती पकड. दहाही चढायांत एकेकच गुण निघाला असे धरा. एका पकडीने ५-५ चे ६-४ होऊन जाते. म्हणून या डावात बचावफळीने बोनस वाचवायला पुढे धावू नये. गडी परत फिरतो, त्या क्षणावर टपून राहावे.

खरी मेख आहे नावांच्या यादीत. पाच वेगवेगळ्या चढाईपटूंची नावे क्रमवार पंचांना आधीच द्यावी लागतात. बहुतेक संघांकडे भरवशाचे चढाईपटू तीन असतात. चौथा आणि पाचवा हे कोपऱ्याचे नाहीतर कव्हरचे गडी, म्हणजे बचावपटू. महाविद्यालयीन संघ इथेच उघडे पडतात, कारण बचावपटूने वर्षभरात चढाई केलेलीच नसते. आठवड्यातून एकदा प्रत्येक बचावपटूकडून दहा चढाया करून घ्या. निदान रेषा ओलांडायची आणि परतायचे, इतकेच काम द्या. सर्वांत भरवशाचा गडी पाचव्या क्रमांकावर राखून ठेवू नका. त्याची पाळी येईपर्यंत सामना हातचा गेलेला असतो. त्याला तिसरा पाठवा.

प्रश्न : आमचा महाविद्यालयीन संघ तिसऱ्या चढाईत हमखास गुण गमावतो. सराव कसा करावा?
– संघनायक, सातारा

उत्तर : सलग दोन चढाया कोऱ्या, म्हणजे बिनगुणाच्या, गेल्या की तिसरीत गुण घ्यावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद होतो आणि समोरच्यांना गुण मिळतो. ही मोजणी संघाची असते, गड्याची नव्हे. त्यामुळे पहिली चढाई कोरी गेली तेव्हाच तिसरीला कोण जाणार हे ठरवा. दुसरी कोरी चढाई दुय्यम गड्याला करू द्या, मुख्य चढाईपटूचा दम राखा.

आता ३० सेकंदांचा हिशेब. बहुतेक मुले पहिली वीस सेकंदे मधोमध नाचण्यात घालवतात आणि शेवटी घाईने आत घुसतात. पहिल्या दहा सेकंदांत निदान रेषा ओलांडून बचावपटूंनी हात धरून साखळी कशी बांधली आहे ते पाहा. पुढच्या दहांत एका कोपऱ्याकडून दुसऱ्याकडे धावून साखळी ताणा. कोपरा आणि त्याच्या शेजारचा गडी यांचे हात सुटतात किंवा पावले चुकतात, तिथेच हात मारा. शेवटची दहा सेकंदे परतीसह धरा.

समोर किती गडी आहेत, यावर सगळे अवलंबून आहे. सहा किंवा सात असतील तर बोनसवर भागते. तीन किंवा कमी असतील तर अव्वल पकडीचे (तीन किंवा कमी गड्यांनी केलेल्या पकडीचे) दोन गुण जाण्याची भीती असली तरी मैदान मोकळे असते. सर्वांत कठीण स्थिती चार-पाच गड्यांची, कारण बोनस नाही आणि फटीही कमी. सराव नेमका याचाच होत नाही. रोज पाच गड्यांसमोर प्रत्येकी सहा चढाया, विसाव्या सेकंदाला शिट्टी. शिट्टीनंतर मागे-पुढे करणारा गडी त्या दिवशी तिसऱ्या चढाईच्या यादीतून बाहेर.

प्रश्न : मी डावा कोपरा खेळतो. घोटा हातात येतो, पण गडी निसटतो.
– प्रथम वर्षाचा खेळाडू, सांगली

उत्तर : तीन गोष्टी तपासा. नजर कुठे असते? चढाईपटूच्या हाताकडे पाहिलेत तर फसाल. हात हूल देतात, कंबर देत नाही. पकड कुठे बसते? नडगीवर बसली तर घामाने सरकणारच. एक हात टाचेमागे, दुसरा चवड्याच्या वर, आणि पाय टेकतो त्याच क्षणी पकड. नंतर काय करता? नुसता पाय धरून पडून राहिलात तर तो तुम्हाला ओढत मध्यरेषेकडे नेईल. पाय लगेच उचलून छातीशी घ्या, म्हणजे तो एका पायावर येतो. शेजारच्या गड्याने त्याच श्वासात कंबर धरली पाहिजे. तो उशिरा आला तर दोष एकट्या कोपऱ्याचा नसतो.

उभे राहताना अंतिम रेषेपासून दीड-दोन फूट पुढे राहा. टाच रेषेबाहेर टेकली की चांगली पकडही वाया जाते.

प्रश्न : बोनस रेषा ओलांडूनही पंच गुण देत नाहीत. का?
– वाचक, रत्नागिरी

उत्तर : मागचा पाय हवेत नसतो म्हणून. पुढचा पाय रेषेपलीकडे टेकताना मागचा जमिनीपासून सुटलेला हवा.

प्रश्न : गटाची मर्यादा ८५ किलो, माझे वजन ८८. स्पर्धेला चार दिवस उरलेत. पाणी बंद करू का?
– महाविद्यालयीन खेळाडू, कोल्हापूर

उत्तर : मुळीच नको. चार दिवसांत उतरते ते पाणी, चरबी नव्हे. दुसऱ्याच चढाईत पोटरीत गोळा येईल आणि दम तुटेल. उन्हाळ्यात तर जिवावर बेतू शकते. ही स्पर्धा सोडा. पुढच्या स्पर्धेसाठी आठ आठवडे आधीपासून आठवड्याला अर्धा किलो याप्रमाणे उतरवा. वजन रोज सकाळी उपाशीपोटी, एकाच काट्यावर करा आणि वहीत लिहून ठेवा. स्पर्धेच्या आठवड्यात ८४ च्या आसपास असलात, तर वजनाच्या आदल्या रात्री पोटभर जेवता येईल.